मद्रासच्या वेशीवरील शब्द

२० सप्टेंबर १८७८ रोजी मद्रास शहरात एका इंग्रजी साप्ताहिकाच्या ८० प्रती छापून निघाल्या. ते काढणारे सहा तरुण होते. चौघे कायद्याचे विद्यार्थी आणि दोघे शिक्षक. छपाईसाठी त्यांनी एक रुपया बारा आणे उसने घेतले होते. निमित्त होते टी. मुथुस्वामी अय्यर यांच्या नेमणुकीचे. मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसणारे ते पहिले भारतीय. आणि गोऱ्यांच्या मालकीच्या वृत्तपत्रांनी या नेमणुकीवर टीकेची झोड उठविली होती. तिला उत्तर द्यावयाचे, तर ते छापणार कोण? म्हणून या मंडळींनी स्वतःचेच पत्र काढले. त्याचे नाव ‘द हिंदू’.

आपले म्हणणे आपणच प्रसिद्ध करावयाचे, ही गोष्ट त्या काळी अशी जिकिरीची होती. मुद्रणालय दुसऱ्याचे, कागद विकतचा आणि दूरच्या वाचकासाठी भिस्त टपालखात्यावर. आज चेन्नईतील एखादी निवृत्त शिक्षिका आपल्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराविषयी चार ओळी लिहून घटकाभरात त्या जगापुढे ठेवू शकते. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या मानाने एका जुन्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते : लिहिलेले वाचकापर्यंत पोहोचू न देण्याचा अधिकार कोणाला असावा आणि तो त्याने कसा वापरावा? स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा पहिला मोठा निवाडा झाला तो मद्रास राज्याच्या एका आदेशावरून. आणि ज्या नियतकालिकाविरुद्ध तो आदेश होता, ते मुंबईचे होते.

रमेश थापर हे मुंबईहून ‘क्रॉस रोड्स’ नावाचे इंग्रजी साप्ताहिक काढीत. मुद्रक, प्रकाशक व संपादक तेच. पत्राचा कल डावीकडे होता, आणि मद्रास राज्यात कम्युनिस्ट पक्ष त्या वेळी बेकायदा ठरविण्यात आला होता. १ मार्च १९५० च्या आदेशाने मद्रास सरकारने या साप्ताहिकाला राज्यात येण्यास व तेथे वाटले जाण्यास मनाई केली. आदेश फोर्ट सेंट जॉर्ज गॅझेटमध्ये रीतसर छापण्यात आला. राज्यघटना अमलात येऊन तेव्हा पुरते पाच आठवडेही झाले नव्हते.

या प्रकरणातील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. थापर यांच्या लेखणीला मद्रास सरकारने हात लावला नव्हता. तसे करणे त्याच्या आवाक्यातही नव्हते. मुंबईत अंक छापला जाण्यास त्या आदेशाची आडकाठी नव्हती. अडविला जात होता तो मद्रासच्या वेशीवर. तेव्हा, लिहिण्याचे स्वातंत्र्य शाबूत असून केवळ वाटपास मनाई झाली, तर स्वातंत्र्याचा भंग होतो काय? थापर घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनी आधी उच्च न्यायालयाकडे जावयास हवे होते, हा सरकारचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. २६ मे १९५० रोजी निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी लिहिले, जे स्वतः मद्रासच्या वकिलीतून वर आलेले होते. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात विचारांच्या प्रसाराचे स्वातंत्र्य येते आणि प्रसार हा अभिसरणावरच अवलंबून असतो, असे त्यांनी ठरविले. राज्याची सुरक्षितता वेगळी आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही व्यापक गोष्ट वेगळी, असा भेद करून न्यायालयाने मद्रासच्या कायद्यातील ते कलम रद्दबातल केले. न्यायमूर्ती फजल अली यांचे मत मात्र विरुद्ध पडले.

सरकारने हा पराभव निमूटपणे स्वीकारला नाही. १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन निर्बंधांच्या कारणांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घालण्यात आले. त्याबरोबरच निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही आली. या दुसऱ्या शब्दाचे महत्त्व पुढे फार वाढले.

इंटरनेट आले तेव्हा ते वेशी ओलांडणारे साधन म्हणूनच वाखाणले गेले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली, तेव्हा आरंभीच्या चार महानगरांत मद्रास होते. (शहराचे नाव पुढल्याच वर्षी बदलले.) तथापि पहिली अडचण आली ती लिपीची. प्रत्येक तमिळ फाँटची अक्षरजुळणी निराळी असे. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की चिन्हांचा नुसता खच दिसे. मराठी मजकुराचीही तीच गत होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ परिषदेनंतर तमिळनाडू सरकारने कळफलकाची एक प्रमाण मांडणी स्वीकारली. युनिकोडचा वापर रुळल्यावर उरलेला गोंधळ हळूहळू सरला. नोंदवहीप्रमाणे तारीखवार लिहिलेल्या वैयक्तिक पानाला तमिळ लोकांनी ‘वलैप्पू’, म्हणजे जाळ्यावरचे फूल, असे सुरेख नाव दिले. मराठीने त्याला ‘अनुदिनी’ म्हटले.

अशा लेखनाचा खरा कस संकटात लागला. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीच्या लाटा मरीना किनाऱ्यावर चढल्या. तमिळनाडूत सुमारे ८ हजार माणसे दगावली, त्यांत नागपट्टिनम जिल्ह्यातील सर्वाधिक. मुंबईतील काही लेखकांनी लगोलग एक सामाईक पान उघडले. बेपत्ता माणसांची चौकशी, मदतकेंद्रांचे पत्ते, कोठे काय हवे याची माहिती त्यावर जमा होऊ लागली आणि देशोदेशींचे स्वयंसेवक तिच्यात भर घालू लागले. पुढे २ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई पुराच्या पाण्यात बुडाली असता, कर्मचारी छापखान्यापर्यंत पोहोचू न शकल्याने ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्ती निघाली नाही. १८७८ पासून असे प्रथमच घडले. त्या दिवसांत नागरिकांनी पाण्याखाली गेलेले रस्ते खुल्या नकाशावर स्वतः नोंदविले, अनोळखी माणसांना घरात आसरा देऊ करणाऱ्यांच्या याद्या केल्या. त्याच वाटेने अफवाही फिरल्या. शहराबाहेरील मगरपालन केंद्रातून मगरी सुटल्या, ही त्यांपैकी एक. केंद्राला तिचे जाहीर खंडन करावे लागले. त्याची वार्ताही त्याच वाटेने पसरली, हेही सांगितले पाहिजे.

परंतु वेस नाहीशी झाली हा समज खोटा ठरला होता तो २००६ मध्येच. मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर दोनच दिवसांनी, १३ जुलै रोजी, दूरसंचार विभागाने काही मोजकी संकेतस्थळे व पाने बंद करण्यास सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना फर्मावले. त्यांतील कित्येकांनी एकेक पान वेगळे न काढता ज्या यजमान स्थळावर ती पाने होती ते समूळ बंद केले, आणि स्वयंपाकाच्या कृती लिहिणारेही त्यात अडकले. एका पत्रासाठी टपालाची सगळी पिशवीच रोखून धरण्यातला हा प्रकार. ओरड झाल्यावर काही दिवसांनी पाने पुन्हा दिसू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या टायडेल पार्कमध्ये अनुदिनीकारांचा मेळावा भरला.

नंतर रोख लिहिणाऱ्या माणसाकडेच वळला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६-अ’ कलमाने उपद्रवकारक वा अतिशय आक्षेपार्ह मजकूर पाठविणे हा गुन्हा ठरविला होता. या शब्दांत काय बसत नाही, हाच प्रश्न होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबई-बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि त्या लेखनाला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. आणि त्या निकालपत्रात ६५ वर्षांपूर्वीच्या ‘रमेश थापर विरुद्ध मद्रास राज्य’ या निवाड्याचा आधार होता.

त्याच निकालाने मात्र मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे ‘६९-अ’ कलम व त्याखालील २००९ चे नियम कायम ठेवले. कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून त्यांविरुद्ध दाद मागता येते, असे न्यायालयाने म्हटले. पण त्या नियमांतील सोळावा नियम मागणी, तक्रार व कारवाई यांविषयी कडक गुप्तता पाळावयास सांगतो. १९५० मध्ये थापर यांच्याविरुद्धचा आदेश गॅझेटात छापला गेला होता, आणि तो समोर ठेवूनच ते न्यायालयात उभे राहिले. ज्याला अशी नोटीस मिळालीच नाही, त्या चेन्नईतल्या वा पालघरमधल्या लेखकाला आपले पान उघडत नाही, एवढेच दिसते.