नाणी जमवायचीत? दोन हजार पुरतात

पहिल्या वर्षाला दोन हजार रुपये भरपूर झाले. त्यातले पहिले हजार नाण्यांवर घालू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा घ्या (३०० ते ६०० रुपये), दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या (२०० ते ५००) आणि पुठ्ठ्याचे चौकोनी कॉइन होल्डर घ्या (शंभराचा गठ्ठा २०० ते ४००). मऊ प्लास्टिकचे स्वस्त अल्बम नकोत. त्यातल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. अल्बमवर 'पीव्हीसी-फ्री' लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

संग्रहाची सुरुवात दर्शनी किमतीत होते. पाकिटातल्या नाण्यांवर वर्षाच्या खाली पाहा. चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईची टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. दोन रुपयांची नाणी चारही टाकसाळींची, वर्षावार, एवढाच विषय धरलात तरी वर्षभर पुरेल आणि भिंगाची सवय होईल. 'जुनं ते सगळं' जमवणाऱ्याचे पैसे सर्वांत लवकर संपतात.

विकत घ्यायचं तर पुण्यात जुना बाजार (बुधवार आणि रविवार), मुंबईत चोर बाजार, शिवाय मोठ्या शहरांत अधूनमधून भरणारी नाणी-प्रदर्शनं. प्रदर्शनात एकाच नाण्याचा भाव चार टेबलांवर विचारता येतो, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा किंवा १९६८ नंतरचे कमळाचे पितळी वीस पैसे साधारण अवस्थेत दहा ते पन्नास रुपयांत मिळायला हवेत. झिजलेली तांब्याची शिवराई शंभर-दोनशेत. रस्त्यावरच्या बाजारात बिल मिळत नाही, तेव्हा याहून महाग काही तिथे घेऊ नका. आणि 'ओळखीतले म्हणून' कोणी शिवकालीन सोन्याचा होन पुढे केला, तर नमस्कार करून निघा.

सगळ्यात जास्त फसवणूक चांदीच्या रुपयात होते, म्हणून हिशेब नीट समजून घ्या. राणीछाप, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने याला गुणा. ग्रॅमला १०० रुपये धरले तर १०६९ रुपये ही झाली मोडीची किंमत. विक्रेता त्यावर किती मागतो, ते पाहायचं. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, तरी भाव राणीछापचा सांगितला जातो. १९४७ चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा म्हणून दाखवलेला रुपया चिकटला तर बोलणं संपलं. वजन ११.४ च्या खाली आलं तर का, ते विचारा. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. तज्ज्ञाने तपासून सीलबंद केलेला नसेल तर त्याला हात लावू नका.

एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली '१८१८' वगैरे सालांची नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. 'तांदूळ ओढून घेतात' वगैरे ऐकून त्यांना लाखो देणारेही आहेत.

आता छुपे खर्च. लिलावात हातोडा पडला तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर खरेदीदाराचं कमिशन (साधारण १० ते २० टक्के), जीएसटी, विम्यासह टपालखर्च. पाच हजारांची बोली सहा-साडेसहा हजारांवर जाते. बोली लावण्याआधी अटींचं पान वाचा. प्रतवारी करून डबीत सीलबंद करून घेण्याचा खर्च वेगळा. हजार-दोन हजारांच्या नाण्यासाठी तो परवडत नाही. सरकारी टाकसाळीची स्मारक नाणी थेट टाकसाळ महामंडळाच्या संकेतस्थळावर नोंदवा. दर्शनी किंमत शंभर रुपये असली तरी चांदीमुळे विक्रीची किंमत काही हजार असते, आणि घरी यायला महिने लागू शकतात. तेवढा धीर नसलेल्यांकडून दलाल वरकड काढतात.

'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, दहा लाख मिळतील', असा फोन आला तर ठेवून द्या. २०१२ ची ती नाणी चलनात आली होती, आजही किरकोळ किमतीत मिळतात. पुढची मागणी 'नोंदणी शुल्क', मग 'कर', मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' अशी येते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि कमिशन मागत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा खरा व्यवहार नसतोच.

नाणी चमकवायला चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याचा भाव निम्म्यावर येतो आणि परत चढत नाही.

कागदपत्रं: हजाराच्या वरच्या खरेदीचं बिल घ्याच. त्यावर राजा, साल, टाकसाळ, धातू, वजन आणि 'खोटं निघाल्यास परत' हे लिहून घ्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला आजीचे राणीछाप रुपये बॅगेतून पाठवायचा बेत असेल तर थांबा. शंका असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. शेतात किंवा पाया खणताना हंडा सापडला, तर १८७८ चा कायदा लागू होतो: दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. शेजारच्या सराफाला आधी दाखवलंत तर तुम्ही दोघेही अडचणीत.

विकायला गेलात तर व्यापारी त्याच्या विक्रीच्या भावाच्या अर्धे-साठ टक्के देईल. तो लुबाडत नाही, त्याचं पोट त्या फरकावर आहे. निदान तीन ठिकाणी विचारा, आणि भाव ठरेपर्यंत नाणं तुमच्या नजरेआड जाऊ देऊ नका.