कार्ड शंभराचं, मादी किती पैशांची?

ट्रायकोकार्ड घ्यायला गेलेला शेतकरी आधी दर विचारतो. दर केंद्रागणिक वेगळा असतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक, कृषी विज्ञान केंद्रात दुसरा, खासगी विक्रेत्याकडे तिसरा. खरं तर आपण पैसे देतो ते कार्डातून बाहेर पडणाऱ्या माद्यांचे. किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते ती मादीच. नर शेताच्या काहीच कामाचा नाही.

कार्डावर तांदळातील पतंगाची, म्हणजे कोर्सायराची, सुमारे 18 ते 20 हजार अंडी चिकटवलेली असतात. ती आधी अतिनील किरणांनी निर्जीव करतात, मग ट्रायकोग्रामाच्या माद्यांपुढे ठेवतात. अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशी अंड्यावर चालत, मिशांनी टकटक करत त्याचा आकार अजमावते आणि त्यानुसार किती अंडी घालायची ते ठरवते. कोर्सायराच्या लहान अंड्यात बहुधा एकच पिल्लू वाढतं. तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं, साधारण आठवड्याने त्यातून प्रौढ माशी निघते.

आता पैशांशी थेट संबंध असलेली गोष्ट. या माशीच्या फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. मिलन न झालेली मादीही अंडी घालतेच, पण त्यातून फक्त नर निघतात. नर सहसा आधी बाहेर पडतात, कार्डावरच थांबतात आणि निघणाऱ्या माद्यांशी मिलन करतात. अनेक माद्यांना एकच नर पुरतो, म्हणून चांगल्या कार्डात माद्या जास्त असतात. प्रयोगशाळेने थोड्या अंड्यांवर जास्त माद्या सोडल्या की गणित बिघडतं. गर्दीत नरांचं प्रमाण वाढतं, शिवाय एकाच अंड्यात दोघी-तिघींची अंडी पडून खुरटलेल्या, दुबळ्या माशा निघतात. स्वस्त कार्डाचं कारण अनेकदा हेच.

हिशेबासाठी कार्ड 100 रुपयांचं धरू. 20,000 अंड्यांपैकी 90 टक्के काळी, त्यातली 90 टक्के फुटली आणि 60 टक्के माद्या, म्हणजे 9,720 माद्या. एक मादी साधारण एका पैशाला पडली. दुसरं कार्ड 60 रुपयांचं, पण 60 टक्केच काळं, त्यातली 60 टक्के फुटली आणि निम्म्याच माद्या, तर 3,600. इथे मादी पडते पावणेदोन पैशांच्या आसपास. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री या जातीची एकरी 60 हजारांची मात्रा, म्हणजे तीन कार्डं, 300 रुपये. जवळपास तेवढ्याच माद्या दुसऱ्या कार्डांतून हव्या तर आठ कार्डं लागतील, 480 रुपये. तेही एका सोडणीचे. अशा तीन सोडण्या धरल्या तर चांगल्या कार्डांचे 900, वाईटांचे 1,440. उसातील खोडकिडीला ट्रायकोग्रामा चिलोनिस चालतो, मात्रा हेक्टरी 50 हजार, म्हणजे एकरी एकच कार्ड. जात वेगळी मिळाली तर कार्ड कितीही चांगलं असो, पैसे वाया, म्हणून जातीचं नाव पावतीवर लिहून घ्या.

खरेदी करताना भिंगातून कार्ड पाहा. काळी आणि पांढरी अंडी मोजायला एक चौकोन पुरेसा असतो. तयार केल्याची तारीख विचारा, फ्रिजमध्ये किती दिवस होतं तेही विचारा. जास्त दिवस गारठ्यात राहिलेल्या कार्डातून माशा कमी निघतात, निघाल्या तरी अशक्त असतात. एक पट्टी कापून काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला कापूस लावा. किती अंड्यांना भोकं पडली ते दिसेल. शक्तिशाली भिंग असेल तर नर-मादीही ओळखता येतात, नराच्या मिशांवर लांब केस असतात. एवढा खटाटोप सगळ्यांना जमणार नाही, पण मोठ्या क्षेत्रासाठी कार्डं घेणाऱ्या गटाने तरी करावा.

कार्ड विकत घेण्याआधी कामगंध सापळे लावा, त्यांचा खर्चही याच हिशेबात धरा. ही माशी फक्त अंड्यांवर काम करते, अळीला हात लावत नाही. बोंडात शिरलेल्या अळीसाठी कार्ड आणणं म्हणजे पैसे मातीत. सापळ्यात पतंग दिसू लागले की पहिली सोडणी. पट्ट्या संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूला टाचा, शेतभर सारख्या अंतरावर, कारण माशी फार लांब उडत नाही. मुंग्यांचं वारूळ जवळ असेल तर ते झाड टाळा. फवारणी झालेली असेल किंवा पंधरवड्यात करायची असेल, तर कार्डं घेऊच नका. दुकानदार काहीही म्हणो, कीटकनाशकाला मित्रकीटक आणि शत्रूकीटक वेगळे कळत नाहीत.

आणताना कार्ड गाडीच्या काचेजवळच्या उन्हात ठेवू नका, बर्फाच्या कप्प्यातही नको. अंडी काळी पडून गेली असतील तर तीन-चार दिवसांत माशा निघतात, म्हणून मजूर कधी मिळणार ते आधी ठरवूनच मागणी नोंदवा.