बाळाची तयारी बाबांनीही करायची

गर्भसंस्कार वर्गाला सुना येतात, मुलगे बाहेर गाडीवर बसून राहतात. म्हणून यावेळचा पाठ आम्ही दोघांसाठी लिहीत आहोत.

आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. बाळाचं यकृत कच्चं, ती लवकर निघत नाही. फ्रान्समधल्या नांत शहरात डॉ. पॉल लमुआन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी या दोषाला नाव दिलं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. डोकं लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची पन्हळ सपाट. पण बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. गणित जमत नाही, सांगितलेलं लक्षात राहत नाही, एका जागी बसवत नाही. मग तेच पोर मठ्ठ, द्वाड म्हणून मार खातं!

किती घेतली तर चालते? असं सुरक्षित प्रमाण सापडलेलं नाही. वाईन, बियर, सर्दीवरची चमचाभर फेणी, सगळी दारूच.

आता बाबा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. जास्त पिण्याने त्यांची संख्या आणि प्रत घटते. तेव्हा मूल हवं असं ठरलं की तीन महिने आधी दोघांनीही सोडावी. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात.

नकळत घेतली गेली असेल तर सुनेला बोल लावू नका. त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांना खरं सांगा. रोजची सवय असेल तर मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.