नुकत्याच फुटलेल्या पिलांचे लहानसहान विकार

आपल्या जिल्ह्यांत शेतीच्या जोडीला दहापांच कोंबड्या बाळगण्याची चाल जुनी आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या कमी पावसाच्या तालुक्यांत तर पीक बुडालें म्हणजे हाच जोडधंदा घराला हातभार लावितो. अलीकडे गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जातींचीं एक दिवसाचीं पिलें विकत आणणारे शेतकरीहि पुष्कळ आहेत. खुडूक कोंबडी जें काम आपल्या पंखांखालीं सहज करिते, तें या पिलांच्या बाबतींत मालकासच करावें लागतें. पिलांचे कांहीं विकार घरच्या घरीं बरे होतात. कांहीं दिसण्यांत तसेच, परंतु सर्व कळपाचा नाश करणारे असतात. या दोहोंतील भेद ध्यानांत यावा, म्हणून हा लेख लिहिला आहे.

ऊब व पाणी. पहिल्या आठवड्यांत पिलांस सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं कमी करीत जावी. पिलामागें १ ते २ वॉट या मानानें जुना तारेचा दिवा लावावा. एलईडी दिव्यानें उजेड पडतो, पण पुरेशी ऊब मिळत नाहीं. उष्णतामापक नसल्यास पिलांकडेच पाहावें. दिव्याखालीं गर्दी करून चिवचिवत असल्यास तीं गारठलीं आहेत. दूर जाऊन चोंच उघडून धापा टाकीत असल्यास उकडत आहेत. सर्वत्र पांगून स्वस्थ चरत असल्यास ऊब योग्य आहे, असें समजावें. पौष-माघांत रात्रीं वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटांत गुंडाळून पिलांजवळ ठेवाव्या. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवूं नये. तिच्या विषारी वायूनें पिलें व माणसें दोन्हीं दगावतात.

अंड्यांतील बलक पिलाच्या पोटांत शिल्लक असल्यामुळें दोनतीन दिवस तें अन्नावांचून तग धरतें. परंतु प्रवासांत तहानेनें व्याकुळ होतें. म्हणून पिलें येतांच आधीं पाणी व मग खाद्य द्यावें. लिटरभर कोमट पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम गूळ विरघळवून तें पहिले कांहीं तासच ठेवावें. नंतर साधें स्वच्छ पाणी द्यावें. मलूल पिलाची चोंच एकदोनदां पाण्यांत बुडवावी, नाकपुड्या मात्र बुडूं देऊं नयेत.

बूड चिकटणें. गारठा, अति उष्णता किंवा प्रवासाचा शीण यांमुळें विष्ठा पातळ होऊन पिसांस चिकटते व वाळून मार्ग बंद करिते. तशा स्थितींत पिलूं एकदोन दिवसांत मरूं शकतें. ती ओढून काढूं नये. कातडी सोलली जाते. कोमट पाण्यानें भिजविलेल्या फडक्यानें ती मऊ करून पुसावी, पिलूं कोरडें करावें व थोडें खोबरेल तेल लावावें. पोटाच्या खालच्या बाजूस असलेली नाभीची खपली हीच चिकटलेली विष्ठा समजून कित्येकजण उपटतात. तसें केल्यास आंतडें बाहेर येण्याचा धोका असतो. गुदद्वार शेपटीच्या लगत खालीं असतें, हें लक्षांत ठेवावें.

पाय फांकणें. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिलें ठेविल्यास पाय दोहों बाजूंस घसरतात. जमिनीवर भाताचें तूस किंवा खरबरीत गोणपाट घालावें. फांकलेले पाय स्वाभाविक अंतरावर राहतील अशा बेतानें मऊ पट्टीनें सैल जोडावे. पट्टी रोज तपासावी. पहिल्या दोनतीन दिवसांतच हा उपाय केल्यास पिलूं बहुधा सुधारतें. बोटें आंत वळलीं असल्यास ‘ब२’ जीवनसत्त्वाची उणीव असूं शकते. तें जीवनसत्त्व खाद्यांतून किंवा पाण्यांतून द्यावें व खाद्य ताजें असल्याची खात्री करावी.

धोक्याचीं चिन्हें. एखाददुसऱ्या पिलाचें बूड चिकटलें तर तो ऊबेचा दोष असूं शकतो. परंतु अनेक पिलांस पांढरी हगवण लागून तीं पटापट मरूं लागलीं, तर तो अंड्यांतूनच येणारा संसर्ग असण्याचा संभव आहे. नाभी ओली, काळपट व दुर्गंधियुक्त असणें, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास विष्ठेंत रक्त पडणें, मान मुरडणें, हीं चिन्हेंहि घरगुती औषधाचीं नव्हेत. अशीं पिलें तत्काळ वेगळीं करावीं, निरोग्यांची व्यवस्था आधीं व आजाऱ्यांची मागून पाहावी, दर खेपेस हात साबणानें धुवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. मेलेलीं पिलें चुना घालून खोल पुरावीं. मानमोडीची लस पांचव्या ते सातव्या दिवशीं निरोगी पिलांसच द्यावी.

फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां लक्षावधि कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अचानक होणारी मर लपविल्यास एकाचें नुकसान गांवाचें होतें. याकरितां लहान विकारास घाबरूं नये व मोठ्यास लहान समजूं नये, हेंच पिलें पाळणाऱ्यानें पक्कें ध्यानांत ठेवावें.