दुकानदाराचा आरोग्य विमा: हप्ता स्वस्त की पॉलिसी परवडणारी?



व्हिडिओमध्ये आकडे जरा भराभर गेले, म्हणून तोच विषय इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

नोकरी सोडून धंद्यात येणारा माणूस भाडं, माल, लाइट बिल सगळं मोजतो. कंपनीने दिलेला आरोग्य विमा नोकरीसोबत जातो, हे मात्र हिशोबात धरायचं राहून जातं. आमच्या बाजारपेठेत एक कटलरीवाले काका आहेत. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेले पैसे त्यांना ऐन सीझनआधी हॉस्पिटलमध्ये भरावे लागले. काका बरे झाले, पण रॅक रिकामे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं आणि त्यातलं बरंचसं तिकडेच राहिलं.

नोकरदाराला आजारपणात निदान पगारी रजा तरी असते. आपलं शटर बंद म्हणजे गल्ला बंद. त्यामुळे पॉलिसी घेताना "हप्ता किती?" एवढंच विचारून भागत नाही. "हॉस्पिटलचं बिल येईल त्या दिवशी माझ्या गल्ल्यातून किती जातील?" हे विचारायचं. हा आकडा जितका कमी, तितकी पॉलिसी परवडणारी.

पायरी १: जे फुकट आहे ते आधी घ्या

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र राबवल्या जातात. आता राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना, म्हणजे पांढरं कार्ड असणाऱ्यांनाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. "आपण व्यापारी, आपल्याला कुठे मिळतंय" असं म्हणून बरेच जण चौकशीच करत नाहीत.

घरात कुणी ७० वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतंय.

मर्यादाही समजून घ्या. उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेत सामील असलेलं हवं. आजच आपल्या भागातल्या अशा हॉस्पिटलांची नावं काढून ठेवा. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्याच्याशी एकदा बोलून या. आजारी पडल्यावर ही शोधाशोध होत नाही.

पायरी २: स्वतःची मूळ पॉलिसी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. जुनं कोटेशन पाहून "महाग आहे" म्हणून सोडून दिलं असेल, तर नव्याने दर काढा. ग्रुप पॉलिसीवर मात्र जीएसटी अजून आहे.

बजेट कमी असेल तर "आरोग्य संजीवनी" या स्टँडर्ड पॉलिसीपासून बघायला सुरुवात करा. तिच्या मुख्य अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. पण दोन अटी पाठ करा: खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५,००० रुपये, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के रक्कम आपली, म्हणजे को-पे.

खोलीभाड्याची अट साधी वाटते, पण खिसा तीच कापते. हिशोब बघा.

समजा तुमची ५ लाखांची पॉलिसी आहे. तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. बिल असं आलं:

- खोली: ३२,०००
- डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे: १,२८,०००
- औषधं, तपासण्या, इम्प्लांट: ६०,०००
- एकूण: २,२०,०००

तुम्हाला वाटेल, खोलीचे वरचे १२,००० तेवढे आपले. तसं होत नाही. मंजूर भाडं ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० ची, म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. खोलीचे २०,०००, डॉक्टर-थिएटरचे ८०,००० आणि औषधांचे पूर्ण ६०,००० मिळून १,६०,००० झाले. त्यातून ५ टक्के वजा केले की कंपनी देणार १,५२,०००. गल्ल्यातून ६८,०००.

आता तोच माणूस ५,००० च्या खोलीत राहिला आणि बाकी खर्च तेवढाच धरला, तर बिल २,०८,००० आणि त्याच्या खिशातून फक्त १०,४००. पॉलिसी तीच, आजार तोच. फरक ५७,६०० रुपयांचा! म्हणून ॲडमिट करताना घरच्यांना खोलीची मर्यादा माहीत हवी. आणि खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोड्या जास्त हप्त्यात मिळत असेल, तर तो जास्तीचा हप्ता वरच्या आकड्यांशी ताडून बघा, मगच नाही म्हणा.

पायरी ३: मोठ्या आजारासाठी सुपर टॉप-अप

मूळ पॉलिसीच २५ लाखांची घेण्याऐवजी ५ लाखांची मूळ आणि त्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप, असं कोटेशन मागून बघा. बहुतेक वेळा ते स्वस्त पडतं, कारण पहिल्या ५ लाखांची जबाबदारी टॉप-अपवर नसते.

शब्द नीट वाचा: "टॉप-अप" आणि "सुपर टॉप-अप" वेगळे आहेत. वर्षात ४ लाख आणि ३ लाख अशी दोन बिलं आली तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल ५ लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, ७ लाख, आणि वरच्या २ लाखांसाठी उभा राहतो.

पायरी ४: कामगारांचं काय?

तुमच्या आस्थापनेला ईएसआय लागू असेल, तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. १५,००० पगारावर तुमचे ४८७.५० आणि त्याचे ११२.५०, मिळून ६०० रुपये. त्यात कामगाराच्या कुटुंबाच्याही उपचारांची सोय होते. पण प्रोप्रायटर म्हणून तुम्ही स्वतः त्यात येत नाही. "दुकानाचं ईएसआय आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका.

फॉर्म भरताना

शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. एजंट म्हणाला "राहू द्या साहेब, हप्ता वाढेल", तरी लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. तो संपतो. लपवलेल्या आजारामुळे नाकारलेला क्लेम मात्र सगळे हप्ते वाया घालवतो. म्हणूनच पॉलिसी तब्येत चांगली असताना घ्यायची, म्हणजे हा काळ धडधाकट असतानाच निघून जातो.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात. अटी पटल्या नाहीत तर त्या मुदतीत परत करता येते. म्हणून कागद कपाटात टाकू नका, आधी वाचा.

हप्ता कुठून काढायचा?

समजा वर्षाचा हप्ता २१,९०० आला. एकदम काढायचा म्हटलं की जिवावर येतं. रोजचे ६० रुपये करा. शटर खाली ओढण्याआधी ६० रुपये वेगळ्या खात्यात, जसं आपण भाड्याचे बाजूला ठेवतो. रिन्युअलची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, पण त्या मधल्या दिवसांत आजारपण आलं तर क्लेम मिळत नाही.

टॅक्सचं थोडक्यात: स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हप्त्याची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही रोख भरला नसेल तर. प्रोप्रायटरचा स्वतःचा हप्ता दुकानाच्या खर्चात टाकता येत नाही. कामगारांच्या ग्रुप पॉलिसीचा टाकता येतो. वही लिहिताना गल्लत करू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का बघा, जवळची योजनेतली दोन हॉस्पिटलं शोधा.
२. तीन कंपन्यांकडून एकाच रकमेचं कोटेशन घ्या. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: खोलीभाडं, को-पे, प्रतीक्षा काळ.
३. वरचं २,२०,००० चं बिल तिन्ही पॉलिसींना लावा आणि गल्ल्यातून किती जातील ते काढा.
४. पॉलिसी नंबर आणि हेल्पलाइन घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा. ॲडमिट तुम्ही असाल, तेव्हा फोन दुसऱ्यालाच करायचाय.

पुढच्या भागात दुकानातल्या मालाचा आणि आगीचा विमा बघू. तोपर्यंत तिसरा प्रश्न नक्की सोडवा.