दुकानाची विक्री आणि अनेक कारणांचा हिशेब

परतवाडा-धारणी मार्गावरील सेमाडोह हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील गाव. अशा गावातील किराणा दुकानदारापुढे दर आठवड्याला एकच प्रश्न उभा राहतो : परतवाड्याहून माल किती आणावा? जास्त आणला तर भांडवल अडकते आणि पावसाळ्यात डाळ-पीठ खराब होते. कमी आणला तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे दुकान किंवा बचत गटाचा व्यवसाय चालवतात, त्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडेल अशा एका गणिती पद्धतीची ओळख येथे करून देत आहे. तिचे नाव मल्टिपल रिग्रेशन, म्हणजेच बहुचल समाश्रयण.

विक्री एका कारणाने ठरत नाही. गावात किती कुटुंबे आहेत, वनखात्याच्या पर्यटन संकुलात किती पर्यटक उतरले आहेत, रोजगार हमीची मजुरी खात्यात जमा झाली की नाही, अशी अनेक कारणे एकाच वेळी काम करीत असतात. प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा करून दाखवणे, हे या पद्धतीचे कार्य होय.

समजा, वर्षभराच्या नोंदींवरून पुढील समीकरण मिळाले. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

आठवड्याची विक्री = 2,000 + (60 × गावातील कुटुंबे) + (25 × पर्यटक) + (मजुरी जमा झाली असल्यास 1,500)

पेरणीच्या दिवसांतील एका आठवड्यात 200 कुटुंबे गावात आहेत, पर्यटक अवघे 20 आहेत आणि मजुरी जमा झालेली नाही. विक्रीचा अंदाज 14,500 रुपये येतो. हिवाळ्यातील एका आठवड्यात पर्यटक 180 आहेत. परंतु दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात, म्हणून कुटुंबे 120 उरली आहेत. मजुरी याही आठवड्यात नाही. अंदाज येतो 13,700 रुपये.

केवळ पर्यटकांकडे पाहणारा दुकानदार म्हणेल, पर्यटक नऊपट झाले तरी विक्री 800 रुपयांनी घटली; तेव्हा पर्यटकांचा काही उपयोग नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. 160 वाढीव पर्यटकांनी 4,000 रुपयांची भर घातली. त्याच वेळी 80 कुटुंबांच्या स्थलांतराने 4,800 रुपये वजा केले. समीकरणातील 25 या सहगुणकाचा अर्थ असा की, बाकीचे घटक तेवढेच राहिले तर एका पर्यटकामागे विक्री सरासरी 25 रुपयांनी वाढते. ‘बाकीचे घटक तेवढेच राहिले तर’ हे शब्द या पद्धतीचा प्राण आहेत.

सहगुणक काढण्यासाठी लघुतम वर्गाची रीत वापरतात. प्रत्येक आठवड्याची प्रत्यक्ष विक्री आणि समीकरणाने दिलेली विक्री यांतील फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सहगुणक निवडायचे. संगणकावरील एक्सेल हे काम क्षणात करते. मात्र शेवटचे आठ-दहा आठवडे बाजूला ठेवून, उरलेल्या नोंदींवरून काढलेले समीकरण त्यांवर तपासून पाहावे. जुने आकडे जुळवणे सोपे; न पाहिलेल्या आठवड्याचा अंदाज बरोबर येणे हीच खरी कसोटी.

सामाजिक प्रश्नासाठी या पद्धतीचा आरंभीचा मोठा प्रयोग जॉर्ज उडनी यूल यांनी 1899 साली केला. इंग्लंडमध्ये सरकारी मदतीवर जगणाऱ्या दरिद्री लोकांची संख्या कशाने बदलते, याचा शोध त्यांनी मदत देण्याची रीत, वृद्धांचे प्रमाण आणि लोकसंख्या हे घटक एकत्र घेऊन केला. मात्र आपल्या निष्कर्षात ‘अमुक कारणामुळे’ असे जेथे म्हटले आहे, तेथे काटेकोरपणे ‘अमुक गोष्टीच्या सोबत’ एवढेच समजावे, असा खुलासाही त्यांनी तळटीपेत केला. सोबत आढळणे आणि कारण असणे यांतील हा भेद विसरता येणार नाही.

महाराष्ट्राच्या परिचयाचे उदाहरण मान्सूनचे आहे. 1988 पासून भारतीय हवामान विभागाने डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले सोळा घटकांचे समाश्रयण प्रतिमान वापरले. अनेक वर्षे सर्वसाधारण पावसाचा अंदाज खरा ठरला. 2002 मध्येही अंदाज सर्वसाधारण पावसाचाच होता. प्रत्यक्षात देशभरातील पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्के कमी झाला. त्यानंतर घटकांची फेरतपासणी होऊन 2003 मध्ये आठ आणि दहा घटकांची नवी प्रतिमाने आली. घटक वाढवल्याने अंदाज अचूक होतोच असे नाही, आणि काल टिकलेला संबंध उद्याही टिकेल याची हमी कोणतेही समीकरण देत नाही.

दुकानदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वहीत झालेली विक्री लिहिली जाते. न होऊ शकलेली विक्री लिहिली जात नाही. घाटरस्ता बंद झाल्याने मीठ संपले असेल, तर त्या आठवड्यातील मिठाची शून्य विक्री म्हणजे मिठाची शून्य गरज नव्हे. म्हणून कोणता माल कोणत्या दिवशी संपला, हेही टिपून ठेवावे. उधारीचा रकानाही वेगळा असावा. नाहीतर मजुरीच्या आठवड्यात फेडलेली जुनी बाकी नवी विक्री म्हणून गणली जाईल.

या अभ्यासाचे मोल केवळ नफ्यात नाही. ‘हे लोक उधळे आहेत, उधारी बुडवतात’ असा एका वाक्यातला निवाडा गरीब कुटुंबांना नेहमीच ऐकावा लागतो आणि त्यावरूनच त्यांची उधारी बंद होते. निवासी शाळांत शिकणाऱ्या कित्येक मुलांचे आईवडील याच स्थलांतराच्या वाटेने जातात. वहीत कुटुंबांचा आणि मजुरीच्या तारखेचा रकाना असेल, तर थकलेली बाकी आणि लांबलेली मजुरी शेजारी-शेजारी दिसतील. मग दोष माणसाच्या स्वभावावर टाकण्याआधी दुकानदाराला ते दोन रकाने वाचावे लागतील. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी असे रकाने आपल्या वहीत आजपासूनच आखावेत.