मेणबत्तीच्या ज्योतीचा धडा
अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुविद्युत केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी, केबल ज्या भिंतीतून जातात तेथील हवेची गळती तपासण्यासाठी कामगारांनी मेणबत्तीची ज्योत वापरली. फटी बुजविणारा फोम तीमुळे पेटला. सुमारे सात तास चाललेल्या आगीत १६०० हून अधिक केबलींची हानी झाली आणि अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या अनेक यंत्रणा निकामी झाल्या. सुदैवाने परिसरात किरणोत्सर्ग पसरला नाही. अशा लहान आगी तेथे पूर्वीही लागल्या होत्या. त्या विझविण्यात आल्या, परंतु पद्धत बदलली नाही. म्हणजेच चूक केवळ एका हाताची नव्हती, तर अंगवळणी पडलेल्या रीतीची होती. पुढे १९८० मध्ये अणुकेंद्रांसाठी कडक अग्निसुरक्षा नियम करण्यात आले. किरकोळ घटनेची वेळीच दखल घेणे, हेच देखभालीचे पहिले कर्तव्य होय.